एकमताने संमत

तारीख २७ डिसेंबर २०२२, वार मंगळवार. तुम्ही महापेच्या एमआयडीसीत, मिलेनियम बिझनेस पार्कबाहेरच्या टपरीवर कटिंग घेऊन उभे आहात. शीळफाट्याकडून कंटेनरांची रांग येते आहे. मध्येच एक केए पासिंगचा ट्रक दिसतो. एरवी तुमचं लक्षही गेलं नसतं, पण गेले तीन आठवडे नजर आधी नंबरप्लेटवर जाते. ६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले आणि पुण्यात स्वारगेटला कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. दोन्हीकडचे ड्रायव्हर पगारावर गाडी चालवणारे होते. सीमाप्रश्नावर त्यांच्यापैकी कुणी भाषण केलेलं नव्हतं.

टपरीवर चहा गाळणारा पोरगा जत तालुक्यातला, उमदीकडचा. घरात कन्नड, शाळेत मराठी, आता महापेत चहाला येणाऱ्यांशी हिंदी. त्यानं मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलाय. पडद्यावर नागपूरचं विधानभवन आहे.

"दादा, आज ठराव येणार म्हणत्यात. आमचं गाव राहतंय का जातंय?"

इथे उभं राहून त्याला उत्तर देता येणार नाही. ग्लास खाली ठेवा आणि चला.

नागपूर. हवेत गारवा आहे, रस्त्यावर पोलिसांचे बॅरिकेड आहेत, मोर्चे अडवण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कोरोनामुळे दोन वर्षं हिवाळी अधिवेशन इथे भरलंच नव्हतं, त्यामुळे यंदा गर्दी जास्त. पास दाखवून, मोबाइल बाहेर जमा करून तुम्ही विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत येऊन बसता. इथे टाळी वाजवायची नाही, घोषणा द्यायची नाही, पुढच्या कठड्यावर रेलायचं नाही. खाली अध्यक्षांच्या आसनावर राहुल नार्वेकर, सत्ताधारी बाकांवर मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, समोर विरोधी पक्षनेते अजित पवार. मध्ये, आसनाच्या पुढच्या टेबलाशी, प्रतिवेदक बसले आहेत. थोड्या थोड्या वेळानं एक उठतो, दुसरा बसतो. उच्चारलेला प्रत्येक शब्द त्यांच्या वहीत उतरतो आणि कामकाजाचा भाग होतो. अध्यक्षांनी वगळायला सांगितला तरच तो बाहेर पडतो. या टेबलाकडे नीट पाहून घ्या. आज जे काही पक्कं उरणार आहे ते इथेच उरणार आहे.

कालपर्यंत हे सभागृह एका सुरात बोलेल असं कुणाला वाटलं नसतं. गायरान जमिनीवरून, नागपूरच्या भूखंडावरून रोज गदारोळ. जयंत पाटील तर अध्यक्षांना उद्देशून काढलेल्या एका शब्दासाठी अधिवेशन संपेपर्यंत निलंबित आहेत. सहा महिन्यांपूर्वी सरकार पडलेलं, पक्ष फुटलेला, एकेकाळी शेजारी बसणारे आता समोरासमोर. काल, सोमवारी, विधान परिषदेत उद्धव ठाकरे यांनी मागणी केली, की सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत वादग्रस्त भाग केंद्रशासित करा. विधानसभेत विरोधकांनी विचारलं, की कर्नाटकानं ठराव करून इतके दिवस झाले, आपला कुठे आहे?

आज तो आला. मुख्यमंत्री उभे राहतात आणि वाचू लागतात. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी ही शहरं आणि ८६५ मराठी भाषिक गावं. इंचन् इंच जमीन महाराष्ट्रात यावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात लागेल तो सगळा कायदेशीर पाठपुरावा. कर्नाटकाच्या मराठीविरोधी भूमिकेचा निषेध. केंद्रीय गृहमंत्र्यांपुढे जे ठरलं त्याची अंमलबजावणी कर्नाटकाकडून व्हावी म्हणून केंद्राला आग्रह. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या पाठीशी हे सभागृह खंबीरपणे उभं आहे.

मग ठराव मतास येतो. अनुकूल असणाऱ्यांनी 'होय' म्हणावं. सगळं सभागृह 'होय' म्हणतं. प्रतिकूल असणाऱ्यांनी 'नाही' म्हणावं. कुणाचाच आवाज नाही. ठराव एकमताने संमत. प्रतिवेदकाची पेन्सिल तेवढं लिहून पुढच्या विषयावर जाते.

तुमच्या अंगावर काटा येतो आणि तो यावा असाच क्षण आहे. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका गोष्टीसाठी एकत्र 'होय' म्हणाली. पण जतच्या पोराचा प्रश्न अजून खिशातच आहे. या 'होय'नं एकही सातबारा इकडचा तिकडे होत नाही. राज्याची हद्द बदलायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानं संसदेला दिलाय. राष्ट्रपती विधेयक राज्याच्या विधिमंडळाकडे मत द्यायला पाठवतात, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये बाबूलाल पराते यांच्या खटल्यात हेच सांगितलं, आणि तो खटलाही मुंबई राज्याच्या फेररचनेवरूनच उभा राहिला होता. महाराष्ट्रानं २००४ मध्ये दाखल केलेला दावा त्याच न्यायालयात पडून आहे. म्हणजे आजचा ठराव न्यायालयाला हुकूम देत नाही, संसदेला बांधत नाही, कर्नाटकाला तर नाहीच.

मग तो कशाला करायचा? हे कळायला पाच दिवस मागे जायला हवं.

गुरुवार, २२ डिसेंबर. बेळगावच्या बाहेर, महामार्गालगत, कर्नाटक विधिमंडळाची इमारत, सुवर्ण विधानसौध. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी हिचं उद्‌घाटन केलं. नागपूरला अधिवेशन भरवण्यामागे १९५३ चा नागपूर करार आहे, विदर्भाला दिलेला शब्द आहे. इथे अधिवेशन भरवण्यामागे मात्र एक ठाम दावा आहे, की हे शहर आमचं, हे बघा आमचं विधिमंडळच इथे बसतं. तीनच दिवसांपूर्वी, याच अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, सीमाभागातल्या मराठी भाषिकांच्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली आणि कोल्हापूरहून निघालेल्या नेत्यांना कोगनोळीच्या नाक्यावर अडवलं गेलं.

मुख्यमंत्री बसवराज बोम्मई उभे राहतात. सीमेचा प्रश्न संपलेला आहे, एक इंचही जमीन देणार नाही, महाराष्ट्रानं मुद्दाम उकरून काढलेल्या वादाचा हे सभागृह निषेध करतं. विरोधी बाकांवर सिद्धरामय्या. तेही सोबत आहेत. इथेही आवाजी मतदान, इथेही एकमत. गॅलरीत बसून तुम्हाला कन्नड कळत नसेल, पण प्रसंग कळतो. पाच दिवसांनी नागपुरात जे घडणार आहे तेच इथे घडतंय. तोच आवेश, तसाच बाकांचा आवाज. त्या लोकांच्या डोळ्यांतही तुमच्यासारखंच पाणी आहे. हे मान्य करायला जड जातं, पण ते पाहिल्याशिवाय इथून निघू नका.

या ठरावाआधी काय झालं होतं? आदल्याच दिवशी संजय राऊत म्हणाले होते, की चीन जसा घुसला तसे आम्ही कर्नाटकात घुसू. राऊत आपले, प्रश्न आपला, पण त्या एका वाक्यानं बेळगावच्या मराठी माणसाचं किती भलं झालं? ज्याचं दुकान खडेबाजारात आहे, ज्याची पोरगी तिथल्या कॉलेजात जाते, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडताना ते वाक्य पाठीवर घेऊन उभं राहावं लागलं. मुंबईत बोलायला सुरक्षा असते. बेळगावात ऐकून घ्यायला ती नसते.

आणि बोम्मईंचं वाक्य? त्यासाठी आणखी महिनाभर मागे चला, नोव्हेंबरात. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या लोकांसाठी आरोग्य योजना आणि वाढीव निवृत्तिवेतन जाहीर केलं, चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई या दोन मंत्र्यांवर समन्वयाची जबाबदारी टाकली. बोम्मईंनी लगेच प्रत्युत्तर दिलं, की जत तालुक्यातल्या चाळीस गावांनी कर्नाटकात येण्याचा ठराव केलेला आहे, आम्ही त्यावर गांभीर्यानं विचार करतोय. एकदोन दिवसांत त्यात अक्कलकोट आणि सोलापूरही आलं. महाराष्ट्र पेटला. फडणवीसांनी सांगितलं, तो ठराव २०१२ मधला, आत्ता एकाही गावानं तसं काही केलेलं नाही.

तेव्हा २०१२ मध्येच जाऊ. जतचा पूर्व भाग. विहिरी कोरड्या, तलावांच्या तळाला भेगा, टँकर आला की घागरींची धावाधाव. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात लोक जमलेत. बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. सीमेपलीकडे कर्नाटकाच्या गावांत कालव्याचं पाणी आलेलं दिसतं. इथे म्हैसाळ योजनेचं पाणी येणार, येणार म्हणत एक पिढी गेली. लोक म्हणतात, पाणी देत नसाल तर आम्हाला तिकडे जाऊ द्या. कागदावर तसं उतरतं, अंगठे आणि सह्या होतात.

हा व्हरांडा मला सुवर्णसौधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. या ठरावालाही कायद्यानं काही वजन नव्हतं. ग्रामपंचायत राज्य बदलू शकत नाही. पण त्यात कुणाचा निषेध करून समाधान मानलेलं नव्हतं, एक मागणी होती आणि ती मोजता येण्यासारखी होती. दहा वर्षं तो कागद सांगलीच्या आणि मुंबईच्या कपाटांत पडून राहिला. मुंबईला त्याची आठवण झाली ती कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यानं तो वर काढल्यावर. आणि मग बघा कशी चक्रं फिरली! विस्तारित म्हैसाळ योजनेसाठी सुमारे दोन हजार कोटींची घोषणा, मंत्र्यांचे दौरे, अधिकाऱ्यांच्या गाड्या. तिकडून कर्नाटकानं तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी जतच्या शिवारात सोडून दाखवलं. टपरीवरच्या पोराच्या आईनं त्या डिसेंबरात दोन राज्यांना आपल्या गावासाठी धावताना पाहिलं असेल. शेजारच्या राज्याच्या नेत्यानं डिवचल्याशिवाय आपल्याच गावाचं पाणी आपल्याला आठवू नये, याची खंत नागपूरच्या ठरावाच्या कुठल्याही ओळीत नव्हती. ती असायला हवी होती.

आता बरंच मागे जायचंय. १९४६, मे महिना, पुन्हा बेळगाव. सुवर्णसौधाच्या जागी माळ आहे. शहरात मराठी साहित्य संमेलन भरलंय, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. मांडवात उकाडा आहे, पुढच्या रांगांत उपरणी हलताहेत. १२ मेला ठराव येतो. मराठी भाषिकांचं एक राज्य व्हावं. हे संमेलन साहित्यिकांचं. यांच्याकडे ना सत्ता, ना पोलीस, ना तिजोरी. तरी याच मांडवातून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला दिशा मिळते. लोक घरोघरी जाऊन सांगतात, परिषदा भरतात, निवेदनं जातात, पुढे समिती होते. चौदा वर्षांनी राज्य मिळतं. ज्या गावात हा ठराव झाला ते गाव मात्र बाहेर राहतं. मांडवात टाळ्या वाजवणाऱ्या त्या बेळगावकराच्या कानात हे सांगावंसं वाटतं आणि धीर होत नाही.

त्या चौदा वर्षांत एकदा तरी महापेत थांबायला हवं. १९५६ चा जानेवारी. मिलेनियम बिझनेस पार्क नाही, एमआयडीसी नाही, नवी मुंबई हे नावही कुणी ऐकलेलं नाही. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याला आगरी वस्तीचं गाव, ठाणे जिल्ह्यातलं. भाताची कापणी उरकलीय. पश्चिमेला थोडं चालत गेलं की खाडी, कांदळवन, मिठागरं. पलीकडच्या तीरावर विक्रोळी-भांडुपची बाजू. माणसं होडीनं येतात-जातात, मासळी आणि मीठ जातं, पोरीबाळी पलीकडे नांदायला जातात.

१६ जानेवारीला पंतप्रधान नेहरू आकाशवाणीवरून जाहीर करतात, की मुंबई केंद्रशासित राहील. खाडीच्या काठावर उभे राहा आणि त्याचा अर्थ लावा. महापे महाराष्ट्रात, समोरचा तीर दिल्लीच्या ताब्यात. ओहोटीला चिखलात उतरून जिथे खेकडे धरता, तिथून सरहद्द जाणार. पोरीचं सासर परराज्यात. हे कुणाच्या कल्पनेतलं भय नव्हतं, तो केंद्र सरकारचा जाहीर निर्णय होता. मुंबईचं काय व्हायचं यावर पुढे जेव्हा जेव्हा कुणी नेता सहज बोलून जातो, तेव्हा मला हा काठ दिसतो.

दोनच महिन्यांपूर्वीची गोष्ट. २० नोव्हेंबर १९५५, चौपाटी. सभेत मुंबई प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष स. का. पाटील सांगतात, की पाच हजार वर्षं गेली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मुख्यमंत्री मोरारजी देसाईही त्याच सुरात बोलतात, काँग्रेस जिवंत आहे तोवर ते होणार नाही. गर्दी उसळते, सभा उधळली जाते. दुसऱ्या दिवशी विधानसभेसमोर राज्य पुनर्रचनेचा विषय आहे. विधानसभा तेव्हा रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची, आज तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. गिरण्या बंद ठेवून कामगार फ्लोरा फाउंटनकडे निघतात. गोळीबार होतो. त्या एका दिवसात पंधरा जण जातात.

गर्दीत तुम्ही खांद्याला खांदा लावून उभे आहात. शेजारचा माणूस परळहून चालत आलाय, पायात चप्पल नाही. त्याला आत कौन्सिल हॉलमध्ये कुणी विचारणार नाही. आत निषेधाचा ठराव येणं शक्यच नव्हतं, कारण ज्यांच्या विधानाचा निषेध व्हायचा ते स्वतःच सभागृहाचे नेते होते. म्हणून निषेध रस्त्यावर आला, आणि रस्त्यावरच्या निषेधाची किंमत माणसांनी जिवानं चुकवली. जानेवारीत पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. बेळगाव-निपाणीकडेही माणसं पडली, बेळगाव आजही १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळतं. चळवळ संपेस्तोवर हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरा दिला. चौपाटीवरच्या त्या वाक्यांना खरं उत्तर मिळालं ते मतपेटीतून, आणि ते पाच हजार वर्षांत नव्हे, पाच वर्षांच्या आत मिळालं.

म्हणून विधानसभेतल्या शांत, रीतसर निषेधाला मी कमी लेखत नाही. ज्या प्रश्नासाठी लोकांना रस्त्यावर गोळ्या खाव्या लागल्या तो प्रश्न निवडून दिलेल्या माणसांनी सभागृहात उभं राहून मांडला, कामकाजात नोंदवला, तर ते लोकशाहीला शोभणारंच आहे. सीमाभागातल्या माणसाला तर त्या नोंदीचं मोल फार. आपल्या घरावर आपलं नाव मराठीत लावण्यासाठी भांडावं लागतं तेव्हा कुठल्यातरी विधिमंडळाच्या इतिवृत्तात आपल्या गावाचं नाव आहे, हा आधार लहान नसतो.

पण ठराव करणाऱ्याचीही परीक्षा असते. २००५ चं बेळगाव बघा. महानगरपालिकेचं सभागृह, महापौर विजय मोरे, आणि नगरसेवक ठराव करतात, की बेळगाव महाराष्ट्रात जावं. हा ठराव सुरक्षित बाकांवर बसून केलेला नव्हता. ज्या सरकारच्या कायद्यानं ती पालिका चालते त्याच्याच विरोधातला तो ठराव होता. बंगळुरूत मोरेंच्या तोंडाला काळं फासलं गेलं. कर्नाटक सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. त्या नगरसेवकांनी प्रत्येक शब्दाची किंमत आधी माहीत असून मोजली. नागपूरला 'होय' म्हणताना कुणाला काय मोजावं लागलं? काही नाही. मग ज्याला मोजावं लागत नाही त्याच्याकडून जास्त कामाची अपेक्षा धरायला नको का?

पुन्हा नागपूर. २८ डिसेंबर, बुधवार, ठरावाच्या दुसऱ्या दिवशी. सभागृह पुन्हा तापलंय. काल इथे ठराव झाल्यावर तिकडे कर्नाटकाच्या विधानसभेत कायदामंत्री जे. सी. माधुस्वामी म्हणाले, की मग मुंबईही केंद्रशासित करा. आमदार लक्ष्मण सवदींनीही मुंबईवर हक्क सांगितला. अजित पवार हा विषय काढतात. फडणवीस उठून सांगतात, की मुंबई महाराष्ट्राची आहे, ती कुणाच्या बापाची नाही, आणि या वक्तव्यांचा निषेध कर्नाटक सरकारला व केंद्रीय गृहमंत्र्यांना कळवला जाईल. बाकं वाजतात.

तुम्हाला महापेचा खाडीकाठ आठवतो आणि तुमच्याही तोंडून दाद निघते. मग मात्र हिशेब करा. नोव्हेंबरात एक विधान आलं, त्यावर दुसरं. १४ डिसेंबरला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवून सांगितलं, की निकाल लागेपर्यंत कुणी दावे करायचे नाहीत, दोन्हीकडचे मिळून सहा मंत्री छोट्यामोठ्या अडचणी सोडवतील. आठ दिवसांत बेळगावात निषेधाचा ठराव, मग नागपुरात निषेधाचा ठराव, मग माधुस्वामी, मग पुन्हा निषेध. समोरच्या राज्यातला कुठलाही मंत्री एक वाक्य टाकून आपल्या विधानसभेचा दिवस ठरवू शकतो, ही गोष्ट मला निषेधार्ह विधानापेक्षाही जास्त डाचते. कापसाचा भाव, विदर्भातल्या आत्महत्या, ज्यासाठी नागपूरला येतात ते प्रश्न त्या सकाळी मागे सरकले.

महापेच्या आसपासच्या गावांना ठराव झाल्यावर पुढे काय होतं हे चांगलं ठाऊक आहे. ज्या आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं, त्यांच्यासाठी दि. बा. पाटील लढले. १९८४ च्या जासई आंदोलनात पाच जण गेले. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्यावं असा ठराव विधिमंडळानं ऑगस्ट २०२२ मध्ये केला. तोही एकमताने. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्‌घाटन झालं तेव्हा ते नाव अजून दिल्लीतून यायचं होतं. या गावांतल्या लोकांनी ठरावाच्या दिवशी पेढे वाटले नाहीत असं नाही. पण त्यांनी मोर्चे थांबवले नाहीत, पाठपुरावा सोडला नाही, तारखा मागत राहिले. ठरावाशी कसं वागायचं हे त्यांच्याकडून शिकावं.

त्या २७ डिसेंबरच्या ठरावातही दोन भाग आहेत. एक समोरच्याला ठणकावणारा, दुसरा स्वतःला बांधून घेणारा. न्यायालयात पाठपुरावा करू, सीमाभागातल्या माणसाच्या पाठीशी राहू. वृत्तपत्रांच्या मथळ्यात पहिला भाग आला. जतच्या पोराला, निपाणीच्या बाईला, खानापूरच्या शाळामास्तराला दुसरा भाग हवा होता. पहिला भाग त्याच दुपारी पूर्ण झाला. दुसरा रोज पुरा करावा लागतो, आणि त्याची विचारणा करायला सभागृहात कुणी उभं राहिलं नाही तर तो कागदावरच राहतो.

शेवटचा मुक्काम. २०२३ चा उन्हाळा, निपाणी बसस्थानक. मार्चमध्ये महाराष्ट्रानं ८६५ गावांतल्या लोकांच्या आरोग्य योजनेसाठी ५४ कोटी रुपये ठेवले, आणि बोम्मईंनी ही योजना आमच्या हद्दीत रोखू असं बजावलं. त्यावरही निषेध झाला. आता दुपारचं ऊन आहे, कोल्हापूरची गाडी लागायची आहे. बाकावर एक बाई बसलीय, शेजारी नवरा, तंबाखूच्या वखारीत काम केलेला, श्वास लागतोय. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. तुमच्या हातातली मराठी पत्रिका बघून ती विचारते,

"दादा, कोल्लापूरला सीपीआरमदी आपल्याला ते मोफत हुतंय म्हनत्यात. खरं हाय काय?"

तुम्ही तिला सांगता, की दवाखान्यात गेल्या गेल्या महात्मा फुले योजनेची खिडकी विचारा, तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटल्याशिवाय पैसे भरू नका. ती पिशवीतून एकेक कागद काढते. आधार, डॉक्टरची चिठ्ठी, एक्स-रे, रेशनकार्ड. रेशनकार्ड कन्नडमध्ये आहे.

"हे चालंल काय त्यास्नी?"

गाडी फलाटाला लागते. तुम्ही पत्रिकेच्या कोऱ्या कडेवर आरोग्यमित्राला विचारायचे प्रश्न लिहून देता, पहिल्या नंबरावर रेशनकार्डाचा, आणि कागद फाडून तिच्या पिशवीत वरच ठेवता, म्हणजे खिडकीपाशी शोधत बसावं लागणार नाही.